एकशे बारा चिमण्या

१

रविवारच्या प्रार्थनेत, दुसऱ्या स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्याला, चर्चच्या ऑर्गनमधून काहीतरी मेल्याचा वास यायला लागला.

आधी प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं, माणसाचा स्वभावच तो. मग लक्षात आलं की वास सुरांबरोबर येतो आणि सुरांबरोबर थांबतो. मोठे सूर लागले की भपकारा, हळू सूर लागले की नुसती झुळूक. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी टोपीत तोंड घातलं. एक बाई पोरांना घेऊन बाहेर गेली ती परत आलीच नाही. प्रार्थना कशीबशी उरकली आणि फादरांनी नाकाला रुमाल लावून ऑर्गनचं मागचं दार उघडायला लावलं.

आत, जिथं एकशे बारा लहान नळ्या ओळीनं उभ्या असायच्या, तिथं एकही नळी नव्हती. होती ती नुसती भोकं, आणि त्यांत कोंबलेली, चरबीत भिजवलेली फडकी. बरीचशी फडकी उंदरांनी कुरतडून खाल्ली होती. खाता खाता ते भोकांतून खालच्या हवापेटीत उतरले होते आणि तिथंच मरून पडले होते. उंदरांनी गावभर हिंडून जमवलेलं सगळं पावित्र्य त्या पेटीतून फुंकलं जात होतं.

चरबी दिसल्यावर विश्वस्तसाहेबांना पुढं काही बघायची गरज वाटली नाही. चर्चमध्ये चरबीचा डबा असतो तो एकाच माणसाकडे. भातेकाका गेली चाळीस वर्षं ऑर्गनखालच्या खोलीत दांडा मारून भात्यात हवा भरतात आणि भात्याचं चामडं मऊ राहावं म्हणून त्याला चरबी चोळतात. नळ्या यांनीच विकल्या, असं ठरलं. पुढच्या रविवारच्या आत चर्चमागची खोली रिकामी करा, पोलिसांत जात नाही हेच उपकार समजा, असं त्यांना सांगण्यात आलं.

बुधवारी फादरांनी नळीबाईला बोलावणं धाडलं. तपासाला नव्हे, उंदीर काढायला.

२

नळीबाई म्हणजे ऑर्गनचे सूर लावणारी बाई. विद्या वडिलांची, हत्यारंही वडिलांची. पन्नाशी उलटलेली, हातात कायम रबरी मोजे. तिला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. दुसऱ्याच्या कपातला चहा ती प्यायची नाही, कुणी बोट चाटून पान उलटलं तर ते पुस्तक पुन्हा हातात धरायची नाही. आणि धंदा असा, की दीडशे वर्षांची धूळ, मेणाचे ओघळ आणि कोळ्यांची जाळी रोज अंगावर. देवाला विनोदबुद्धी आहे, असं तिचे वडील म्हणायचे, ते तिच्याकडे बघून.

तिनं चिमट्यानं अकरा उंदीर काढले. बारावा अर्धाच मिळाला. मग ती बाहेर गेली, नळाखाली हात कोपरापर्यंत तीनदा धुतले आणि परत आत शिरली.

हे ऑर्गन तिला तळहातासारखं ठाऊक होतं. एकशे साठ वर्षांपूर्वी ते जहाजातून खोक्यांत भरून आलं, आणि ज्या सुतारानं ते जोडलं त्याला आयुष्यात कधी ऑर्गन दिसलं नव्हतं. त्यानं नकाशा उलटा धरला, म्हणून भाता बाजूला असायचा तो तळघरात गेला. समोर दिसणाऱ्या उंच सोनेरी नळ्यांतल्या निम्म्या मुक्या, नुसत्या शोभेच्या. त्यांच्यावर देणगीदारांची नावं कोरलेली. गाणाऱ्या नळ्या मागं अंधारात, बिननावाच्या. हे पाहून नळीबाई दर वेळी नाक मुरडायची.

बाकी रचना सोपी. तळघरात भाता. भात्यातली हवा वरच्या लाकडी पेटीत. पेटीच्या पाठीवर नळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेखाली भोकं पाडलेली एक लांब फळी. वाजवणाऱ्यानं समोरची खुंटी ओढली की ती फळी सरकते, भोकाला भोक जुळतं आणि ती रांग बोलायला लागते. खुंटी आत ढकलली की रांग मुकी.

गेलेली रांग सगळ्यांत बारीक आवाजाची होती. सगळ्यांत मोठी नळी हातभर, सगळ्यांत लहान करंगळीएवढी. मोठ्या सुरांवर त्या चिवचिवायच्या म्हणून सगळे त्यांना चिमण्या म्हणायचे. जवळजवळ शुद्ध कथलाच्या होत्या. असं काम आता कुणी करत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला तिनं बॅटरी मारली. सूर लावणाऱ्यानं काम झालं की तिथं पेन्सिलीनं तारीख, हवा आणि रांगांची तब्येत लिहायची, असा रिवाज होता. माणसांबद्दल काही लिहायचं नाही. शेवटची ओळ तिचीच होती, दीड वर्षापूर्वीची: हवा दमट, चिमण्या ठीक.

म्हणजे चोरी गेल्या दीड वर्षातली. तिनं खाली वाकून पेटीमागच्या फटीत चिमटा घातला. कोळिष्टकं निघाली, एक वाळलेली पाल निघाली, आणि पालीच्या मागून एक नळी निघाली. करंगळीएवढी, धुळीनं माखलेली, पण धड. चोराच्या हातून सटकलेली एकशे बारावी चिमणी.

नेमकं तेव्हाच बाहेर कुणीतरी खाकरलं.

३

मास्तर आले होते. चर्चचे ऑर्गनवादक, वय बहात्तर, पांढराशुभ्र सदरा, शिकवायची सवय असलेला संथ आवाज. नळीबाईच्या वडिलांच्या अंत्ययात्रेला यांनीच वाजवलं होतं, आणि ते वाजवणं ती विसरली नव्हती. बरोबर फादर होते, तरुण आणि घाबरलेले.

"भातेकाकाचं वाईट वाटतं हो," मास्तर बाकावर बसत म्हणाले. "माणूस मनानं वाईट नाही. पण मोह कुणाला सुटलाय? चरबी त्याच्याशिवाय कुणाकडे असणार?"

"तुम्हाला कळलं नाही, मास्तर? एवढी रांग बंद पडली ती?"

"अं? जरा मोठ्यानं बोला. हल्ली सगळेच पुटपुटतात." तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "चिमण्या मी वापरतच नाही. वय झालं की उथळ सूर नको वाटतात. माणसानं गंभीर व्हावं."

फादरांनी भक्तिभावानं मास्तरांकडे पाहिलं. "यांची एकाग्रता मी पाहिलीय, बाई. तीन वर्षांपूर्वी मी नवीन होतो. एका प्रार्थनेत ऑर्गनची एक पट्टी अडकली आणि एक चिमणी किंचाळतच सुटली. प्रार्थना चालू, सगळे कानावर हात ठेवून बसलेले, आणि मास्तर आपले डोळे मिटून शांत. एक क्षण हलले नाहीत. पाच मिनिटांनी ती आपोआप थांबली. मी तेव्हाच म्हटलं, असा माणूस होणे नाही."

नळीबाई ऐकता ऐकता सापडलेली नळी फडक्यानं पुसत होती. पुसून झाली तशी सवयीनं तिनं नळीचा पाय ओठाजवळ नेला, किळस येऊन पुन्हा पुसला, आणि हलकेच फुंकर मारली. सूर सुईसारखा निघाला. फादर दचकले. मधल्या वाटेत झाडणारी बाई थांबून वर बघायला लागली.

मास्तर पाठ करून बसले होते. "संगीत ही साधना आहे," ते सांगत होते, "आणि साधनेला त्याग लागतो."

त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबायला हवं होतं, असं नळीबाईला वाटलं आणि ती ओशाळली. नळी तिनं खिशात टाकली. दुसऱ्या क्षणी तळघराच्या जिन्यातून एक घोगरा आवाज आला, "ताई, चिमणी सापडली की काय?"

४

तळघरात जायला बारा पायऱ्या. भिंतींना ओल, पण जमीन स्वच्छ झाडलेली. मधोमध भाता, बैलाएवढा, चामड्याच्या घड्यांचा. दांडा चाळीस वर्षांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. कोपऱ्यात भातेकाका उभे होते, किडकिडीत पण खांदे पैलवानाचे. मागच्या दारातून त्यांची खोली दिसत होती. तिथं काकू भांडी पोत्यात भरत होत्या. एकेक भांडं त्या पुसून घेत होत्या, जणू घाणेरडं सामान नेलं असं कुणी म्हणायला नको.

"कुठं जाणार?" नळीबाईनं विचारलं.

"बघू," भातेकाका म्हणाले. "हिच्या गुडघ्यांनी जिने चढवत नाहीत. तळमजल्याची जागा कोण देतंय?"

काकू आतूनच बोलल्या. "ते मुळी विचारतच नाहीत कुणाला. लोक म्हणतील, चोर जागा शोधत फिरतोय."

भिंतीवर कोळशानं आकडे लिहिलेले होते, रांगेनं, वर्षानुवर्षांचे. शेवटच्या स्तोत्राला मास्तर सगळ्या खुंट्या ओढतात, सगळं ऑर्गन एकदम बोलतं. तेव्हा दांडा किती वेळा मारावा लागतो, ते भातेकाका दर रविवारी मोजून लिहायचे. उगाचच. कुणी सांगितलं नव्हतं.

"चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी," तिनं वाचलं. मग चार रविवार कोरे. मग एकाहत्तर, आणि तिथून पुढं एकाहत्तरच.

"त्या चार रविवारी मी दवाखान्यात होतो. हर्नियाचं ऑपरेशन. बदली माणूस होता. परत आलो तर भाता हलका लागायला लागला. मी साहेबांना म्हटलं, वर काहीतरी कमी झालंय, कमी नळ्या हवा खातायत. ते म्हणाले, तुम्ही दवाखान्यातून ताजेतवाने होऊन आलात." त्यांनी खांदे उडवले. "आता म्हणतात, आकडे मीच लिहिलेत, मला वाट्टेल ते लिहीन. तेही खरंच आहे म्हणा."

चौदा महिन्यांपूर्वीचे ते चार आठवडे. नळीबाईनं मनाशी गाठ मारली.

"चरबीचा डबा दाखवा."

त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. तिनं झाकण उघडलं आणि श्वास रोखला. आतली चरबी काळी होती, डांबरासारखी.

"हे काय?"

"काळाबोळ घालतो कुटून. पोराचा अंगठा सोडवायला लावतात तो. नुसती चरबी लावली तर एका हंगामात उंदीर भाता खाऊन टाकतील. माझ्या आधीच्या भातेवाल्यानं शिकवलं. चाळीस वर्षांत या चामड्याला एक दात लागलेला नाही, बघा."

तिनं बघितलं. खरंच नव्हता. मग तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक फडकं काढलं, वरच्या भोकातलं. त्यावरची चरबी पिवळट पांढरी. दिसण्यावर तिचा भरवसा नव्हता, वर्षभरात रंग उडूही शकतो. करायला नको होतं ते तिनं केलं. मोजा काढला, डब्यातल्या काळ्या चरबीला बोट लावून जिभेच्या टोकावर ठेवलं. कडू जहर. मग डोळे मिटले आणि फडक्यातल्या चरबीला दुसरं बोट लावलं.

काही कडू नव्हतं. नुसती खवट, तेलकट, खाटकाच्या दुकानातली चरबी. नळीबाई मोरीकडे धावली आणि काकूंनी तिच्या हातावर पाणी घातलं.

"हा डबा रविवारी कुणी उघडून बघितला होता?" तिनं तोंड पुसत विचारलं.

"उघडतंय कोण? साहेबांनी दारातूनच बघितला. वास येतो म्हणाले."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही नाकाला रुमाल लावून. नळीबाईला उंदरांची आली त्याहून जास्त किळस आता आली.

५

विश्वस्तसाहेबांचा करंडक आणि ढाली ओतायचा कारखाना होता. काचेच्या कपाटांत शेकडो करंडक चकाकत होते. साहेबांनी रुमालाला अत्तर लावलं होतं आणि बोलताना ते तो हवेत फिरवायचे.

"बाई, खरं सांगू? हे धूड काढून टाका. आता विजेवरचं मिळतं. बटण दाबलं की झालं. भाता नको, उंदीर नको, भातेवाला नको."

"तुम्ही ते ठरवूनच टाकलंय म्हणा की."

"मी फक्त सुचवतो. चर्चसाठी माझा जीव तुटतो, सगळ्यांना माहीत आहे."

वरून कीर्तन आतून तमाशा, असं मनात म्हणत नळीबाई उठली. धातू वितळवायची भट्टी यांच्याकडे. ऑर्गन मोडीत निघावं ही इच्छाही यांची. सगळं यांच्याच अंगणात येऊन पडत होतं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ज्याला अख्खं धूड हवंय मोडीत, तो उंदरांसारखा एकच रांग कशाला कुरतडेल? आणि नळ्या काढून भोकं बुजवत बसेल कशाला? उघडी ठेवली असती तर ऑर्गन फुसफुसलं असतं आणि यांचं काम आपोआप झालं असतं.

ती चर्चमध्ये परतली. दुपार होती, कुणी नव्हतं. वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या दोन शमादानांपाशी तिचे पाय थांबले. वर्षभरापूर्वी कुणीतरी गुप्तदान दिलेली, अशी त्यांची ख्याती. सगळ्यांना वाटायचं साहेबांनी दिली असणार, आणि साहेब नाही म्हणायचे नाहीत. काठावर धातूच्या पातळ पाकळ्या होत्या. त्यांवर मेणाचे जुने ओघळ, त्यात चिकटलेल्या माश्या. तिनं नाक आक्रसलं, मोजा चढवला आणि एक पाकळी हळूच वाकवली.

पाकळी करकरली. सुकं पान चुरडावं तसा बारीक आवाज. कथील वाकवलं की असं रडतं, करंडकवाल्यांचे स्वस्त धातू असे रडत नाहीत. आणि करंडकवाले कधी कथील वापरत नाहीत, ते महाग.

तिनं जाऊन फादरांच्या खोलीतल्या फोनवरून साहेबांना विचारलं, शमादानं ओतली कुणी?

"मीच की. आमच्याच कारखान्यात." आवाजात अभिमान होता. "धातू मात्र देणाऱ्याचा. मागच्या दुरुस्तीत टाकून दिलेल्या नळ्या आहेत म्हणाले, बायकोच्या आठवणीत देतोय, नाव सांगू नका. मी खोलात गेलो नाही. एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं?"

"कोण देणारा?"

साहेबांनी नाव सांगितलं. नळीबाईनं फोन खाली ठेवला. खिशातली करंगळीएवढी नळी तिच्या मांडीला टोचत होती. ती ज्या क्षणी वाजली होती तो क्षण तिला आठवला, कोण दचकलं आणि कोण बोलतच राहिलं ते आठवलं.

६

शनिवारी सकाळी तिनं सगळ्यांना बोलावलं. पेटी धुऊन झालीय, एकदा वाजवून पाहू, एवढंच सांगितलं. पुढच्या बाकावर फादर, साहेब आणि काकू. काकूंनी बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसायची काळजी घेतली होती. भातेकाका तळघरात दांड्यापाशी.

"काहीतरी हळुवार वाजवा, मास्तर," नळीबाई म्हणाली. "माझ्या वडिलांच्या वेळी वाजवलं होतं ते."

मास्तर प्रसन्न हसले. त्यांनी एकच खुंटी ओढली, सगळ्यांत मऊ बासरीची, आणि डोळे मिटले.

बासरीचा सूर उठला, आणि त्याच्या डोक्यावर एक किंचाळी उठली. कधी थांबायची, पुन्हा उठायची. साहेबांचा रुमाल खाली पडला. फादरांनी दोन्ही कान दाबले. काकू वर बघून डोळे विस्फारून बसल्या. मास्तर वाजवत राहिले. चेहऱ्यावर तेच हसू, मान तालावर हलत होती, बोटं जपून, प्रेमानं पट्ट्यांवर पडत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. आपण हे बघायला नको होतं असं नळीबाईला वाटलं, आणि बघणं भाग होतं.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ऑर्गनचा आवाज खचत खचत बंद पडला. तळघरातल्या माणसानं दांडा सोडला होता.

मास्तरांनी डोळे उघडले. "काय झालं? छान चाललं होतं."

मग नळीबाई बोलली, मोठ्यानं आणि सावकाश, कारण तसंच बोलायला हवं होतं.

"मी ती उरलेली चिमणी तिच्या भोकात बसवली, बाकीची भोकं कागद चिकटवून बंद केली आणि फळी आतून सरकवून ठेवली. त्या पट्टीवर बोट पडलं की ती ओरडत होती. मास्तर, तुम्हाला ती ऐकू आली नाही. बारीक सूर तुम्हाला किती वर्षांपासून ऐकू येत नाहीत?"

मास्तरांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला, सदऱ्यासारखा.

"तीन वर्षांपूर्वी पट्टी अडकली तेव्हा तुम्ही एकाग्र नव्हता. तुम्हाला पत्ताच नव्हता. लोकांचे चेहरे पाहून मागाहून कळलं. त्यानंतर तुम्हाला भीती पडली की चिमण्या कधीतरी आपलं गुपित फोडणार. दोन वर्षं तुम्ही ती भीती पोटात ठेवली. मग भातेकाका दवाखान्यात गेले, खाली कानाचा खरा माणूस नव्हता. तुम्ही गाण्याच्या वह्यांच्या पिशवीतून एकेक करून नळ्या नेल्या. खुंटी चुकून ओढली गेली तर हवा फुसफुसेल, आणि तेही तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून भोकं बुजवली. भात्याला चरबी लावतात, हवा धरून ठेवायला, एवढं तुम्ही ऐकून होता. खाटकाकडून आणलीत. पण भातेकाकांची चरबी काळी आणि कडू असते. उंदीर तिला तोंड लावत नाहीत. तळघरात उतरून जो तो डबा एकदा उघडेल, त्या प्रत्येकाला हे कळतं."

"मी कधी उतरलो नाही," मास्तर पुटपुटले. "गुडघे दुखतात."

"चाळीस वर्षांपूर्वीही दुखत होते?"

मास्तरांनी बासरीची खुंटी आत ढकलली.

"आणि नळ्या काढायचीही गरज नव्हती," ती म्हणाली. "त्या फळीला एक खिळा मारला असता तरी रांग मुकी झाली असती, आणि चिमण्या जिवंत राहिल्या असत्या. आयुष्यभर वाजवलंत, आत काय आहे ते बघितलं नाहीत. वितळवून शमादानं केलीत. बायकोच्या नावानं."

साहेब घाईनं म्हणाले, "मला यातलं काही माहीत नव्हतं बरं का. मी फक्त ओतली."

"तुम्ही फक्त डबाही दारातूनच बघितला होता," नळीबाई म्हणाली, आणि साहेब रुमाल उचलायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मास्तरांनी पट्ट्यांवरची बोटं काढून मांडीवर ठेवली. "वाजवणं काढून घेतलं असतं माझं," ते म्हणाले. "मग माझ्याकडे काय राहिलं असतं? भातेवाल्याचं काय, त्याला कुठंही दांडा मिळेल. मला वाटलं होतं, उंदीर काढतील आणि तेवढ्यावरच भागेल. मग साहेबांनी त्याचं नाव घेतलं, आणि मी... मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

एवढंच. उंदीर बरे होते, नळीबाईला वाटलं. ते मेल्यावर निदान वास सोडतात.

जिन्यावर पावलं वाजली. भातेकाका वर आले, हात कमरेच्या फडक्याला पुसत. ते मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं एकाच वाद्यावर काम करणारी दोन माणसं इतक्या जवळ क्वचितच उभी राहिली असतील.

"तुला कळत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"तीन वर्षं," भातेकाका त्यांच्या कानाशी वाकून, नीट ऐकू जाईल असं म्हणाले. "ती चिमणी अडकली तेव्हा मी दांडा सोडून भात्यातली हवा काढून टाकली. ती आपोआप नव्हती थांबली. पाच मिनिटं वाट बघितली, म्हटलं मास्तर काहीतरी करतील. मग समजलं. कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही."

काकू तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. "मला सांगितलं असतंत तर मी रविवारीच ओरडले असते सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या. "भांडी भरत बसले नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं," भातेकाका म्हणाले. मग पुन्हा मास्तरांकडे वळले. "एकदा खाली यायला हवं होतं, मास्तर. चहा टाकला असता."

मास्तरांनी मान खाली घातली ती वर केली नाही. फादर उठले, पुन्हा बसले, आणि शेवटी काकूंना म्हणाले की पोती सोडा, मी येतो भांडी लावायला. काकू म्हणाल्या, माझी भांडी मीच लावीन.

नळीबाईनं वेदीवरची दोन्ही शमादानं उतरवून पोत्यात घातली. त्यांचं पुन्हा कथील होईल, कथलाच्या नळ्या होतील, दोन वर्षं लागतील, पूर्वीसारख्या होणार नाहीत. मग ती ऑर्गनच्या मागच्या दारातून आत शिरली. रिवाजाप्रमाणे पेन्सिल काढली, अक्षर गडद उमटावं म्हणून सवयीनं जिभेला लावली, आणि तोंड वाकडं झालं. सकाळी मोजा काढून भाता चाचपताना बोटाला लागलेला काळाबोळ पेन्सिलीवर उतरला होता. धुवायला नळ दहा पावलांवर होता. ती गेली नाही. कडू तोंडानंच तिनं आपल्या जुन्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं: हवा कोरडी. चिमण्या एक. भाता उत्तम.